कारणं कुणी विचारली होती?

“हुशार मुलांनी खिडकीच्या बाजूला उभं राहायचं. कच्च्या मुलांनी भिंतीच्या बाजूला,” बारटक्के सर म्हणाले.

दहावीचा वर्ग उठला. बाकं सरकली, दोन दप्तरं खाली पडली. कोण हुशार आणि कोण कच्चं हे कुणाला सांगावं लागलं नाही. आठवीपासून ते सगळ्यांना पाठ होतं. चिन्मयी पाळंदे खिडकीशी पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली, संजीवनी ढोबळे भिंतीला पाठ लावून. मधल्या बाकांवर आम्ही पंधरा-वीस जण बसूनच राहिलो.

मी हात वर केला. “सर, आम्ही?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही कोण?”

“आम्ही... मधले.”

“मग बसा की. तुमची काय अडचण आहे?”

बारटक्के सर आमचे मुख्याध्यापक. आडनाव बारटक्के, पण माणूस शंभर टक्क्यांचा. ते आल्यापासून शाळेचा दहावीचा निकाल कधी शंभराखाली उतरला नव्हता. फाटकाच्या कमानीवर पिवळ्या अक्षरांत ‘अखंड शंभर टक्के निकालाची परंपरा’ असं लिहिलेलं होतं आणि दर जूनमध्ये पेंटर येऊन त्यातला वर्षांचा आकडा एकानं वाढवून जायचा. परंपरा टिकावी म्हणून त्या वर्षी सरांनी ‘दत्तक विद्यार्थी योजना’ काढली. एकेका हुशारानं एकेक कच्चा दत्तक घ्यायचा आणि त्याला तारून न्यायचं. सरांनी स्वतः एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला, सामुदायिक विवाहात देतात तसा. आम्ही मधल्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षता नव्हत्या एवढंच.

मी शैलजा टिंगरे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आमच्या घराण्यात कुणी नापास झालं नव्हतं आणि कुणाचा पहिला नंबरही आला नव्हता. प्रगतिपुस्तकात माझ्यासाठी दरवर्षी एकच शेरा असायचा, ‘समाधानकारक’. सही करताना अण्णा म्हणायचे, “समाधानकारक म्हंजे बरंच की. आमच्या गाडीबद्दल असं कधी कुणी लिहून दिलं न्हाई.” शिक्षकांना माझं नाव धड आठवायचं नाही. कुणी शैला म्हणायचं, कुणी शीला. बारटक्के सरांनी एकदा झेंडावंदनाला मला शालन म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली.

आठवड्याभरात चिन्मयीनं आपलं दत्तक परत केलं. भर वर्गात ती उभी राहिली.

“सर, संजीवनीला मी एकच गणित चारदा सांगितलं. ती प्रत्येक वेळी विचारते, का? माझा अभ्यास होत नाही.”

“का, म्हणजे?” सरांनी संजीला विचारलं.

“म्हणजे, तसं का करायचं?”

“पुस्तकात तसं केलंय म्हणून.”

“पण पुस्तकानं तसं का केलंय?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांच्या नजरेसमोर बहुतेक कमान आली असावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संजीच्या वडिलांना बोलावलं. ढोबळे काकांचं मंडप डेकोरेशनचं दुकान होतं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सत्कारापर्यंत प्रत्येक मंडप त्यांचाच असायचा. संजी आणि मी एकाच गल्लीतल्या. ती एकटी आत जाईना, म्हणून मीही दारात उभी राहिले. मला कुणी हटकलं नाही. मधल्या माणसाचा हा एक फायदा असतो.

“ढोबळे, पोरीवर फार ताण आहे हो,” सर इतक्या मायेनं म्हणाले, की मलाही भरून आलं. “मला बघवत नाही. आपण तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरू. शाळेचा दाखला काढून घ्यायचा, घरी निवांत अभ्यास करायचा, परीक्षा बाहेरून द्यायची. रोज शाळेत यायची कटकट नाही.”

“शाळेत न येता शिकंल का ती?”

“शाळेत येऊन तरी कुठं शिकतेय?”

काकांनी मान डोलावली. बाहेरून बसलेल्या मुलीचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आमच्या शाळेतून दरवर्षी दोन-चार मुलांवरचा ताण असाच कमी व्हायचा.

फाटकाबाहेर आल्यावर संजी म्हणाली, “आत्यानं फलटणहून निरोप धाडलाय. दहावी पास झाले तर अकरावी. नाहीतर तुळशीचं लगीन झालं, की तिच्या पोराशी माझं.”

“मग आता?”

“मग आता तू शिकीव मला. गणित तेवढं. बाकीचं मी वाचून काढते.”

“मी? अगं, मलाच कुठं येतंय?”

“तेच तर. चिन्मयीला सगळं येतं, त्यामुळं तिला सांगता येत नाही. तुला येत नाही ते तुला कळतं तरी.”

असं कौतुक माझं त्याआधी कुणी केलं नव्हतं. हे कौतुक आहे का, याचीही मला खात्री नव्हती. पण मी हो म्हणाले.

आम्ही रोज शाळा सुटल्यावर काकांच्या गोदामात बसायला लागलो. चारी बाजूंना बांबू, सतरंज्या, गाद्या, लग्नातल्या दोन खुर्च्या. मी पुस्तक उघडायचे आणि दुसऱ्या ओळीला संजी विचारायची, “का?”

पहिले काही दिवस मी चिन्मयीसारखीच वैतागले. मग माझ्या लक्षात आलं, की वैतागण्याचं खरं कारण संजी नाही. मला सूत्रं येत होती, वनस्पतींची नावं यावीत तशी. झाड दाखवलं असतं तर ओळखता आलं नसतं.

“ए अधिक बी, कंसाचा वर्ग,” मी म्हणाले. “ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग.”

“ए चा वर्ग केला, बी चा वर्ग केला, बरोबर. हे मधलं कोण?”

“मधलं असतंच. ते विसरलं की गुण जातात.”

“पण आलं कुठून?”

मी निमकर सरांना विचारायचं ठरवलं. ते गणित शिकवायचे, मनानं चांगले होते आणि कायम घाईत असायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “आता नको, हुशारांचा जादा तास आहे.” दुसऱ्या दिवशी, “आता कच्च्यांचा जादा तास आहे.” तिसऱ्या दिवशी मी त्यांना सायकलच्या स्टँडपाशी गाठलं.

“तू कुठल्या गटातली?” त्यांनी विचारलं.

“कुठल्याच नाही, सर.”

“मग तुला अडचण कशी काय येते?” ते खरोखरच चक्रावले होते. “तू पास होतेस ना? मग झालं तर.” आणि पायडल मारून गेले.

त्यामुळं मधलं कुठून आलं ते आम्हालाच शोधावं लागलं. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी संजीनं लाल चौकोनी जाजम फरशीवर अंथरलं. “ही तुझी ए बाजू. सगळीकडून ए. आता मला हा चौकोन सगळीकडून वाढवायचाय, बी एवढा.” तिनं एका बाजूला पायघडी लावली. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. कोपऱ्यात एक चौकोनी जागा उघडी राहिली. तिथं तिनं नवरदेवाचं छोटं आसन ठेवलं. ते नेमकं बसलं.

मी बोटानं पायघड्या मोजल्या.

“दोन पायघड्या,” मी म्हणाले. “दोन एबी.”

“म्हणजे मधलं नसलं तर चौकोनच पुरा होत नाही,” संजी म्हणाली आणि त्या जाजमावर आडवी होऊन हसायला लागली. मलाही हसू आवरेना. आठवीत मी हे सूत्र शंभर वेळा लिहिलं होतं, एकदा शिक्षा म्हणूनसुद्धा. ते जमिनीवर पसरता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला व्यसनच लागलं. कुठलंही गणित समोर आलं, की मी आधी त्याचं ‘का’ शोधायचे. अण्णा म्हणाले, “पोरगी हल्ली भाजी निवडतानापण पुटपुटती.” आई म्हणाली, “अभ्यास करत असेल,” आणि मेथी माझ्या हातातून काढून घेतली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन मी खुशीत बाहेर आले. फाटकाशी निमकर सर उभे होते. त्यांनी चिन्मयीला विचारलं, “शेवटचं सुटलं का?” कच्च्यांना विचारलं, “पासापुरतं झालं का?” मला कुणी काही विचारलं नाही, त्यामुळं मीही कुणाला काही सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी शाळेत सकाळीच पेढे आले होते. पेंटर शिडी घेऊन कमानीखाली विडी ओढत बसला होता. गुणपत्रिकांचा गठ्ठा आला, सर ऑफिसात गेले, आणि थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला. “एक नापास? कोण?”

“शैलजा टिंगरे,” निमकर सर म्हणाले. “गणितात.”

“ही कोण?”

एक बाई म्हणाल्या, “ती घारी मुलगी का?” दुसऱ्या म्हणाल्या, “नाही, ती बदलून गेली.” शेवटी सरांनी शिपाई धाडला, “टिंगरे नावाची मुलगी शोधून आण.” मी ऑफिसच्या दारातच उभी होते. शिपायाला वाट देण्यासाठी मी बाजूला झाले, मग म्हणाले, “मीच ती.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दहावीपर्यंतच्या शिक्षणात सगळ्या शिक्षकांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहण्याची ती पहिली वेळ. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव कुणी चुकवलं नाही. पेंटर शिडी उचलून निघून गेला.

मी घरी गेले आणि पोटभर रडले. अण्णांनी गुणपत्रिका तिकिटं तपासावीत तशी मागून-पुढून पाहिली आणि म्हणाले, “बाकीच्यात पास हायेस की. एकाच टप्प्यात घोळ झालाय.”

संजीचा निकाल दुसऱ्या शाळेतून मिळायचा होता. ती धावत आली ती पेढा घेऊनच. पास झाली होती, गणितातसुद्धा. माझं तोंड पाहून तिनं पेढ्याची मूठ मागं घेतली.

“दे की,” मी म्हणाले. “एवढं शिकवलंय.”

“शैले, तू कशी काय...”

“नंतर सांगते.”

संध्याकाळी बारटक्के सर आणि निमकर सर आमच्या घरी आले. मुख्याध्यापक घरी आले म्हणून आईनं नवे कप काढले.

“शैलजा,” सर म्हणाले. एकदम बरोबर. “घाबरू नकोस. शाळा तुझ्या पाठीशी आहे. आपण पेपर पुन्हा तपासायला टाकू. काही गणितं तपासायची राहून गेली असतील.”

“नाही, सर. जेवढी सोडवली तेवढी सगळी बरोबर आहेत. गुणसुद्धा बरोबर दिलेत.”

“मग नापास कशी?” निमकर सरांनी विचारलं.

“थोडीच सोडवली. वेळ संपला.”

“तीन तास काय करत होतीस?”

“कारणं लिहीत होते.”

“कसली कारणं?”

“प्रत्येक पायरीची. हे असं का केलं, ते तसं का. मधलं पद कुठून येतं. एके ठिकाणी आकृती काढून...”

बारटक्के सरांनी कप खाली ठेवला. “पण कारणं कुणी विचारली होती?”

निमकर सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, असं मला वाटलं. पण मुख्याध्यापक सोबत बसले होते, आणि त्यांनी कारणं विचारलेली नव्हती.

सरांनी कप पुन्हा उचलला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “निमकर, ती ढोबळ्यांची मुलगी पास झालीय म्हणे. ती आपलीच विद्यार्थिनी नव्हे का? जूनपासून ऑगस्टपर्यंत आपणच शिकवलं तिला.”

“तिला धरलं तरी, सर, एक नापास राहतेच.”

“धरायचं कुठं म्हणतोय मी? बदलायचं.” सर आमच्याकडं वळले. “टिंगरे, बोर्डाच्या कागदाला कोण हात लावतोय? पण परवा सत्कार समारंभ आहे, सभापती येणार आहेत. गावापुढं सांगताना आपण संजीवनीला घेऊ. एक मुलगी गेली, एक आली. शंभराचे शंभर. तेवढं शैलजानं त्या दिवशी घरी थांबावं. तिलाच बरं वाटेल. उगाच ताण कशाला?”

अण्णांनी विचारलं, “सर, एक पाशिंजर उतरवून दुसरा बसवला, तर पयल्याच्या तिकिटाचं काय करायचं?”

सरांना तो विनोद वाटला. ते हसले आणि चहा संपवून गेले.

समारंभाच्या दिवशी अण्णांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, “चल.”

“सरांनी नको म्हटलंय.”

“शाळा काय त्यांची रिझर्व शीट आहे?”

आम्ही जाऊन मधल्या रांगेत बसलो. मंडप ढोबळे काकांचा, झालर निळी-पांढरी. व्यासपीठावर सभापती हार घालून घामाघूम बसले होते. चिन्मयीचा सत्कार झाला, तिनं शाळेचे आभार पाठ करून आणले होते. मग सरांनी माईक घेतला.

“आणि आता ही खरी किमया! संजीवनी ढोबळे. वर्गातली सर्वात कच्ची मुलगी. शाळेनं तिला विशेष मार्गदर्शन केलं, आणि आज ती उत्तीर्ण आहे!”

टाळ्या. संजी नव्या पंजाबी ड्रेसमध्ये वर गेली. सभापतींनी शाल घातली आणि मोठ्या मनानं माईक तिच्यापुढं धरला. “बोल बाळा. शाळेनं तुझ्यासाठी काय काय केलं, सांग लोकांना.”

संजीनं एकदा मंडपाच्या खांबाशी उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडं पाहिलं. मग म्हणाली, “शाळेनं मला काढलं.”

माईक चांगला होता. काका माईकही चांगलेच द्यायचे.

“म्हणजे... मोकळीक दिली,” बारटक्के सर हसत पुढं झाले.

“नाही. दाखला देऊन काढलं. मग मला शैलजा टिंगरेनं शिकवलं. ती तिथं बसलीय.”

माना वळल्या. सभापती खूश झाले. “अरे वा! कुठंय ती? ऊठ बाळ. तुला किती टक्के पडले?”

मी उठले. अण्णांनी माझ्या पाठीला हात लावला, गाडीत म्हाताऱ्या माणसाला आधार देतात तसा.

“मी नापास झाले,” मी म्हणाले.

मंडपात हशा पिकला. तो थांबेपर्यंत संजी माईक धरून उभी होती. मग शांतपणे म्हणाली, “तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. म्हणून नापास झाली.”

आता हसावं की नाही, हे लोकांना कळेना. ते सभापतींकडं पाहायला लागले. सभापती मुरलेले होते. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मित्रहो, आज मी धन्य झालो! इतक्या लोकांपुढं खरं बोलायला या मुली घाबरत नाहीत. हे संस्कार कुणाचे? या शाळेचे! आदरणीय बारटक्के सरांचे!” त्यांनी गळ्यातला हार काढून सरांच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर हात जोडून उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

शाळेनं पुढं ढोबळे काकांचा मंडप घेतला नाही. काका म्हणाले, “असू दे. गावात लग्नं व्हायची थांबल्यात व्हय?” मात्र घरातलं एक लग्न त्यांनी थांबवलं. फलटणला निरोप गेला, की पोरगी अकरावीला बसली, आता लगेच जमायचं नाही. आत्या वर्षभर बोलत नव्हती. नंतर बोलायला लागली, कारण तिच्या धाकट्या मुलाला गणित जमेना.

मी ऑक्टोबरच्या परीक्षेला बसले. कॉलेजातून आली की संजी माझ्याजवळ बसायची. मी गणित सोडवताना ‘कारण’ एवढा शब्द लिहिला, की ती पेन काढून घ्यायची.

“तू कशी गं पास झालीस?” मी एकदा चिडून विचारलं. “तू तर प्रत्येक ओळीला का विचारायचीस.”

“विचारायचे, कळेपर्यंत. कळल्यावर लिहायचं कशाला? पेपर तपासणाऱ्याला घाई असते, शैले. त्याला उत्तर दे. कारणं घरी येऊन मला सांग.”

तिच्या म्हणण्याप्रमाणं केलं आणि मी पास झाले. गणितात किती पडले ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. पेपरची दुपार मात्र लख्ख आठवते. मी घरी न जाता थेट गोदामात गेले. संजी कॉलेज बुडवून बसली होती.

“सगळे प्रश्न सोडवलेस?”

“सगळे.”

“आता सांग.”

मी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. प्रत्येक पायरी, प्रत्येक का. ती मधे अडवायची, मी पुन्हा सांगायचे. स्पर्शिकेच्या गणितापाशी मात्र गाडी अडली. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं, पुस्तकाशी जुळत होतं. पण स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोनच का व्हावा, ते मला सांगता येईना. संजीलाही सुचेना.

“सोड की,” ती कंटाळून म्हणाली. “उत्तर बरोबर आलंय ना?”

मी तिच्याकडं नुसतं पाहिलं.

ती जीभ चावून हसली. मग खडू घेऊन तिनं फरशीवर एक मोठं वर्तुळ काढलं, आणि आम्ही पहिल्यापासून लागलो.